आठ ठिपके, दोन ठिपके

मी एक जुना चाकू आहे. भाजी चिरायचा नव्हे आणि पेन्सिलींना टोक करायचा तर मुळीच नव्हे. मी मुळं तपासायचा चाकू. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणतो ते रीत म्हणून म्हणतो. माणसांशी माझं फारसं पटलेलं नाही. का पटलं नाही, तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म एका चिडक्या लोहाराच्या भट्टीत झाला. डॉक्टरांची हत्यारं बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि त्याचा ताठाही तेवढाच होता. मला बनवून घेणारा म्हातारा औषधी मुळं आणि साली विकायचा. तो म्हणाला, "देठ कापला गेला पाहिजे, चिरडता कामा नये. चिरडला की आतलं काही दिसत नाही."

लोहार फणकारला, "पानाच्या देठासाठी एवढा नखरा? घरात सुरी नाही का?"

तरी त्यानं मला तीनदा तापवलं, तीनदा बुडवलं आणि दगडावर घासून घासून पातळ केलं. मूठ नाशपातीच्या लाकडाची बसवली. मिटलो की मी बोटाएवढा, उघडलो की दुप्पट. शेवटी त्यानं एक ओला देठ घेतला आणि माझ्याकडून त्याची चकती काढली. चकती इतकी पातळ निघाली की तिच्यातून समोरच्या खिडकीचे गज दिसत होते. लोहार काहीच बोलला नाही. त्या माणसाच्या मानानं ती शाबासकीच होती.

म्हाताऱ्याचं दुकान रस्त्याला लागून होतं. पुढच्या खोलीत लाकडी काउंटर आणि छतापर्यंत बरण्या. मागे एक अरुंद खोली, तिच्यात दगडी ओटा, अर्क काढायची भांडी आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक दार. ओट्यापासून काउंटरपर्यंत मोजून तीन पावलं. म्हाताऱ्याला दोन मुलं होती. थोरला मुलगा, त्याला सगळे दादा म्हणत. धाकटी मुलगी, ती पुढे माझी मालकीण झाली.

एका सकाळी म्हाताऱ्यानं ओट्यावर दोन मुळं ठेवली आणि मुलांना विचारलं, "यातला नर नेचा कुठला?"

दादा म्हणाला, "दोन्ही सारखीच तर आहेत," आणि त्यानं मोठी जांभई दिली.

मुलीनं मात्र मला उचललं.

नेचा तुम्ही पाहिला असेल. जंगलात ओलसर सावली असेल तिथे पिसासारखी पानं काढून उभा असतो. त्याला फूल नाही, फळ नाही. त्यातल्या एकाला म्हणतात नर नेचा आणि दुसऱ्याला मादी नेचा. नावावरून नवराबायको समजू नका. एक जरा दणकट दिसतो, दुसऱ्याची पानं झालरीसारखी नाजूक कातरलेली असतात, म्हणून कुणीतरी ही नावं ठेवली. फार तर दूरची चुलत भावंडं म्हणा. पान हाती असेल तर त्यांना ओळखणं सोपं. पान उलटं करायचं. खालच्या अंगाला बीजाणूंच्या तपकिरी टिकल्या असतात आणि प्रत्येक टिकलीवर एक इवलंसं झाकण. नर नेच्याचं झाकण घेवड्याच्या दाण्यासारखं. मादी नेच्याचं लांबट आणि वाकडं, स्वल्पविरामासारखं.

पण दुकानात पानं येत नसत. दुकानात यायची पोती, आणि पोत्यात मुळं. खरं तर ते मुळी मूळच नव्हे, जमिनीतलं जाड खोड. पण दुकानात सगळे त्याला मूळच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. काळी, केसाळ, जुन्या देठांचे खुंट चिकटलेली मुळं. सगळी इथून तिथून सारखी. तिथे माझं काम सुरू व्हायचं. खुंटाला आडवा काप घ्यायचा. कापाच्या तोंडावर ठिपके दिसतात. देठातून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची ती टोकं. नर नेच्यात सात, आठ, कधी नऊ, गोल करून बसलेले. मादी नेच्यात दोनच, जाड आणि लांबट. आणखी एक तिसरा भाऊबंद होता, काटेरी दात्यांच्या पानांचा. तो ठिपक्यांवरून नरच वाटायचा. त्याला पकडायला देठावरचा खवला सोलून भिंगाखाली धरावा लागे. खवल्याच्या काठाला टाचणीच्या डोक्यासारख्या गाठी दिसल्या, की समजायचं, हा तोतया. सगळ्यात शेवटी मूळ उभं चिरायचं. गाभा पिस्त्यासारखा हिरवा हवा. तपकिरी पडलेला माल म्हणजे मेलेला माल.

एवढी उठाठेव कशासाठी? त्या काळी पोटात लांब पट्टकृमी झाला की नर नेच्याच्या मुळाचा अर्क देत. आता कुणी देत नाही, आणि तेच बरं. कमी पडला तर जंत हसतो, जास्त झाला तर माणूस रडतो, असलं ते औषध. मादी नेचा त्या कामाला अगदीच निकामी. तेव्हा बरणीत कोण आहे हे कळणं भाग होतं.

त्या सकाळी मुलीनं काप घेतला, मान खाली घालून मोजलं आणि म्हणाली, "बाबा, हा नर. आठ आहेत. ही मादी. दोनच."

म्हाताऱ्यानं मला तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटवली. "हा आता तुझा."

पुढची दहा वर्षं मी तिच्या एप्रनच्या खिशात राहिलो. ती रोज रात्री निजण्याआधी मला पुसून तेल लावायची. दुकानाचं नाव झालं. दुसऱ्या गावचे डॉक्टर पत्रात लिहीत, "अर्क तुमच्याकडचाच पाठवा." म्हातारा पत्र मोठ्यानं वाचायचा आणि म्हणायचा, "हिची नजर आणि याची धार, यावर माझं दुकान उभं आहे." दादा ऐकायचा आणि बरण्या उगाच आपटत ठेवायचा. त्याचं लग्न झालं, घरात वहिनी आली. वहिनी हसरी, सगळ्यांचं ऐकून घेणारी. मालकिणीनं लग्न केलं नाही.

मग म्हातारा गेला. महिन्याभरात दुकानावर नवी पाटी चढली. जुन्या नावापुढे दादानं रंगाऱ्याकडून दोन शब्द वाढवून घेतले होते: 'आणि चिरंजीव'. मालकीण रस्त्यात उभी राहून पाटी वाचत होती. खिशात तिची मूठ माझ्याभोवती आवळली गेली.

"दादा, आणि मी?"

"तू काय? तू घरातलीच आहेस."

"तूही घरातलाच आहेस. मग तुझं नाव कशाला?"

"रस्त्यात तमाशा नको. आत जा."

ती आत गेली. आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन दिवस वाट पाहून त्यानंही टाकलं. तुम्ही शाळेत कट्टी घेता, मधल्या सुट्टीत कट्टी आणि घरी जाताना बट्टी. या दोन मोठ्या माणसांची कट्टी सहा वर्षं चालली. एकाच छपराखाली, एकाच टेबलावर जेवत.

बोलायचं ते वहिनीच्या तोंडून. तिघं एका खोलीत बसलेली असत, आणि दादा म्हणायचा, "अगं, तुझ्या नणंदेला सांग, सालींचं पोतं ओलं झालंय."

"वन्सं, सालींचं पोतं ओलं झालंय म्हणतात."

"वहिनी, तुमच्या नवऱ्याला सांगा, मला कान आहेत. पोतं त्यांनीच उघड्यावर ठेवलं होतं."

वहिनी नवऱ्याकडे वळायची. "त्या म्हणतात, बघते."

ती प्रत्येक निरोपातला कडूपणा काढून टाकायची आणि उरलेलं पलीकडे पोचवायची. मला तिचा राग यायचा. वाटायचं, ही मध्ये नसती तर दोघं कडाकडा भांडून मोकळी तरी झाली असती. तिची काही चूक नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

पाचव्या वर्षी दादानं निरोप दिला, "तुझ्या नणंदेला सांग, नेच्याची मुळं यापुढे मी पुढेच बघून घेईन. मला कळतं." त्याला काय कळायचं? तो मूठभर मुळं नाकाशी न्यायचा, मान डोलवायचा आणि पोतं परस्पर गिरणीत दळायला पाठवायचा. मागच्या खोलीत यायची ती पूड. पुडीत ठिपके कुठून दिसणार? मालकिणीनं निमूटपणे तिचा अर्क काढला आणि बरणी भरली. "त्यांना कळतं ना, मग कळू दे," एवढंच ती पुटपुटली. मी खिशातून खणात गेलो. कधीतरी पाकिटं फाडायला बाहेर निघायचो. माझ्या पात्यावर पहिला गंज त्या हिवाळ्यात चढला.

मुळं आणायची एक मुळेवाली. अंगानं जाडजूड, तोंडानं फाटकी, खांद्यावर कुदळ. जंगलातला कोपरा न् कोपरा तिला पाठ. दादा नुसता वास घेतो, काप घेत नाही, हे तिच्या पहिल्या फेरीतच लक्षात आलं. त्या हिवाळ्यात तिनं आणलेल्या पोत्यात तीनातली दोन मुळं मादी नेच्याची होती.

थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकं परत येऊ लागली. एक गाडीवान काउंटरवर हात आपटून म्हणाला, "तुमच्या औषधानं नुसतं तोंड कडू झालं. जंत मजेत आहे!" सुताराची बायको आली, तिचंही तेच. दादानं मालावर संशय घेतला नाही. मालावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या नाकावर संशय घेणं. त्यानं मात्रा वाढवली. एका मापाचं दीड केलं, दिडाची दोन. दोन मापांनी थोडा गुण येऊ लागला, तसा तो खूश झाला. ही गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नाही. वहिनीलासुद्धा नाही.

पुढच्या वर्षी थंडीच्या तोंडावर मुळेवाली आली, तेव्हा दादा बाटल्या खरेदी करायला बाहेर गेला होता. वहिनीनं सवयीनं पोतं मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. मालकीण बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग तिनं खण उघडला, मला बाहेर काढलं, धारेच्या दगडावर चार हात मारले आणि पहिला खुंट कापला.

दोन ठिपके.

दुसरा कापला. दोन. पाचवा, सहावा, दहावा. मी वर्षभर गंजत पडलो होतो तरी काप स्वच्छ निघत होते, आणि प्रत्येक कापागणिक तिचा चेहरा काळवंडत होता.

"हा काय माल आणलास?"

"नेचा. दरवर्षीचाच," मुळेवाली म्हणाली.

"दरवर्षीचा? हे बघ. दोन. हा बघ. दोन."

"मी खणते, बाई. ठिपके मोजत बसत नाही."

"पानं उलटी करता येतात ना? जंगलात जन्म गेला तुझा!"

मुळेवालीनं कुदळ जमिनीवर आदळली. "येतात! तुझ्यापेक्षा चांगली येतात. पण उलटं करायला पान तर शिल्लक हवं. एक नर मुठीएवढा व्हायला कितीक वर्षं लागतात, आणि तुम्हाला पोती हवीत, पोती! डोंगराची ती अख्खी बाजू मी तुमच्यासाठी खरवडून काढली. आता तिथे नुसती माती आहे. आणि गेल्या साली तुझ्या भावानं हाच माल डोळे मिटून घेतला. तेव्हा तू कुठे होतीस?"

वर्षभर आपण मादी नेच्याचा अर्क काढत होतो, हे तिला तेव्हा कळलं. तिनं पोतं उचललं आणि अंगणात रिकामं केलं. "खरा माल आण. अर्धं पोतं का असेना. नाहीतर या दारात पाय ठेवू नकोस."

मुळेवाली थुंकून निघून गेली. पण आठ दिवसांनी परत आली. लांबच्या दरीत उतरून तिनं अर्धं पोतं आणलं होतं. गुडघा फुटला होता. पोतं ओट्यावर टाकून म्हणाली, "घे. मोज तुझे ठिपके."

मी कापत गेलो. सात. आठ. आठ. नऊ. खवले साफ, गाभा हिरवागार. असा माल मी म्हाताऱ्याच्या काळातही क्वचित पाहिला होता. मालकिणीनं तो स्वतः कुटला, स्वतः अर्क काढला. चार-पाच दिवस तिला जेवणखाण सुचलं नाही. मग एका सकाळी तिनं काउंटरवरून जुनी बरणी आणली, ओतून टाकली, धुतली आणि नव्या अर्कानं भरून जागेवर ठेवली. बरणी तीच. तिच्यावरची चिठ्ठीही तीच: 'नर नेचा'.

आता दादाला एवढंच सांगायचं होतं, की आधीचा माल खोटा होता, आज बरणीत खरा आहे. निरोप द्यायला वहिनी हवी होती. पण वहिनी दोन दिवस अंथरुणावर होती. "पोटाची कुरकुर आहे, वन्सं, जाईल," एवढंच तिनं सांगितलं होतं. खरं काय ते फक्त दादाला ठाऊक होतं. वहिनीला पट्टकृमी झाला होता. तिला फार लाज वाटत होती. "कुणाला सांगू नका हं, वन्संनाही नको," असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं.

मालकीण मधल्या दारापर्यंत गेली. मी तिच्या खिशात होतो. पलीकडे दादा बरण्या पुसत शीळ घालत होता. फक्त हाक मारायची होती. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात दादानं मान वर केली, तिला पाहिलं आणि मुद्दाम पाठ फिरवली. मालकीण जागच्या जागी वळली. "वहिनी उठल्या की सांगतील," ती स्वतःशी म्हणाली. "चांगलाच माल भरलाय, वाईट तर नाही ना."

मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. पण खोटं कशाला बोलू? दोन मापांची गोष्ट मलाही माहीत नव्हती. ती फक्त त्या शीळ घालणाऱ्या माणसाला माहीत होती.

तासाभरानं दादानं त्या बरणीतून दोन मापं काढली आणि माडीवर उपाशीपोटी पडलेल्या आपल्या बायकोला दिली.

दुपारी वहिनीला ओकाऱ्या सुरू झाल्या. मग हातपाय झटके देऊ लागले. मालकीण धावत वर गेली. वहिनी म्हणाली, "वन्सं, सगळं पिवळं पिवळं दिसतंय." दादा डॉक्टरांना आणायला पळाला. त्यांना घेऊन तो परत आला तेव्हा ऊन थेट तिच्या उशीवर पडलं होतं, आणि वहिनी विचारत होती, "पडदे कुणी ओढले? जरा बाजूला करा ना."

वहिनीला इस्पितळात हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना समोर उभं केलं. "माल बदलला, हे कुणाला माहीत होतं?"

"मला," मालकीण म्हणाली.

"आणि मात्रा दुप्पट केली होती, हे?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "मला."

"तुम्ही दोघं एकाच घरात राहता?"

दोघांनी दोन दिशांना माना वळवल्या.

"मुकी आहात का?" बाई म्हणाल्या. "त्यांचा डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि सावली कळेल, माणूस कळणार नाही. जीव वाचला, तो तुमच्यामुळे नाही."

घरी आल्यावर दादा मधल्या दारातून मागच्या खोलीत आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी ओट्यावर उघडा पडलो होतो.

"तुला सांगता आलं नाही?"

"तुला विचारता आलं नाही?"

"मी मालक आहे या दुकानाचा! मला विचारल्याशिवाय बरणी बदललीस!"

"हो, मालक. पाटीवर लिहिलंय ना. पाटीला विचार मग, बरणीत काय आहे!"

"तू आंधळं केलंस तिला."

"दोन मापं कुणी दिली? माझ्या हातानं?"

त्यानं मला उचललं. मालकीण जागची हलली नाही. त्यानं मला उगारलं आणि सगळ्या ताकदीनं दगडी ओट्यावर हाणलं. टक्कन आवाज झाला. माझं टोक तुटून कोपऱ्यात उडालं. दोघं धापा टाकत एकमेकांकडे बघत राहिली. सहा वर्षं साठवलेलं बोलणं हे असं बाहेर पडलं.

दादाला आणखी कुणीतरी दोषी हवं होतं. तो मुळेवालीला पोलिसात द्यायला निघाला. इस्पितळात खाटेवरून वहिनीनं त्याला अडवलं. "तिनं या वेळी खरा माल आणला, म्हणून तिला धरून देणार? आणि खोटा माल ओळखू आला नाही, त्याबद्दल तुम्हाला कोण धरणार?"

मुळेवाली स्वतःच एकदा तिला भेटायला गेली. परतताना दुकानावरून जाताना बाहेरूनच ओरडली, "मी मिसळलं, ते पाप माझं! पण तुमच्या घरात तोंडं होती तीन, आणि बोलत होतं एकच!" पुन्हा ती आमच्याकडे मुळं घेऊन आली नाही.

तीन आठवड्यांनी वहिनी घरी आली. मला वाटलं होतं, ती रडेल किंवा माफ तरी करेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं आपली खुर्ची मधल्या दारात मांडायला लावली, बरोबर उंबऱ्यावर, आणि दोघांना बोलावलं.

"आजपासून मी कुणाचे निरोप पोचवणार नाही. रोज दुकान उघडायच्या आधी इथे माझ्यासमोर उभं राहायचं. तुम्ही विचारायचं, वन्संनी सांगायचं. मग वन्संनी विचारायचं, तुम्ही सांगायचं. मोठ्यानं. मला ऐकू आलं पाहिजे. ज्या दिवशी ऐकू येणार नाही, त्या दिवशी मी बहिणीकडे निघून जाईन, आणि का गेले ते रस्त्यात उभी राहून ओरडून सांगेन."

"अगं, पण…" दादा म्हणाला.

"माझ्याशी नाही. तिच्याशी बोला."

मग ते सुरू झालं.

"बरणीत काय?" दादा भिंतीकडे बघत विचारायचा.

"नर. आठ ठिपके. खवले साफ, गाभा हिरवा. मात्रा?"

"एक माप. उपाशीपोटी. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही."

शब्द असे यायचे, जसे दातांखालून खडे काढावेत. त्यात माया नव्हती, ओलावा नव्हता. पण ते रोज यायचे. मुळं आता लांबून, दुसऱ्या माणसाकडून येत. पहिलं पोतं आलं, तेव्हा वहिनीनं एक खुंट हातात मागितला. मालकिणीनं माझ्या मोडक्या पात्यानं काप घेऊन दिला. वहिनीनं त्यावरून अंगठा फिरवला. तिच्या अंगठ्याला काही लागलं नाही.

"मला नाही कळत. तुम्ही मोजा, वन्सं. मोठ्यानं."

मालकीण मोजू लागली. "एक, दोन, तीन…" सहाव्यावर तिचा आवाज फुटला. ती ओट्याला धरून उभी राहिली.

वहिनी शांतपणे म्हणाली, "आठ हवेत. अजून दोन राहिले."

मालकिणीनं ते दोन मोजले.

अशी नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत आमच्या दुकानातून एकही चुकीचं माप गेलं नाही. घरात हसणंखिदळणं परत आलं, असं मी सांगणार नाही. दादा आणि मालकीण जेवताना एकमेकांच्या ताटाकडेही बघत नसत. पाटी बदलली नाही. वहिनीचे डोळे आले नाहीत. मग नवी, सोपी औषधं आली आणि डॉक्टरांनी नेच्याचा अर्क लिहून देणं बंद केलं. एका संध्याकाळी मालकिणीनं शेवटची बरणी ओतून टाकली, धुतली आणि उपडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी सवयीनं उंबऱ्यावरच्या खुर्चीत येऊन बसली. मालकीणही ओट्यापाशी उभी होती. विचारायला आता काही उरलं नव्हतं. दादानं दुकानाची किल्ली हातात घेतली, दोन पावलं पुढे गेला, थांबला आणि परत आला.

"आज हवा कोंदट आहे," तो म्हणाला.

मालकिणीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "आहे खरी. खिडकी उघडते."

वहिनी म्हणाली, "झालं? आता उघडा दुकान."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी हत्यारं तुमच्याही घरात खणात पडलेली असतील. त्यांना पुसा, तेल लावा, पाकिटं फाडायला वापरू नका, ही विनंती आहे. पण धार लावून सगळं भागत नाही. मी माझं काम चोख केलं होतं, मालकिणीनं तिचं केलं होतं, आणि तरी एका बाईची दृष्टी गेली. तेव्हा तुम्हाला काही कळलं, की ते ज्याला कळायला हवं त्याला जाऊन सांगा. त्याचं तोंड बघायची इच्छा नसेल, तर आधी त्यालाच सांगा. राग नंतर धरा. तो कुठे पळून जात नाही.